बघणाऱ्याची सही

पुरुषांना लघवी करताना बघणं हे दोन वर्षं माझं काम होतं. थट्टा नाही, खरंच. महिन्यातून दोनदा पेणहून रोह्याला जायचं, एका केमिकल कंपनीच्या दवाखान्यातल्या संडासात फोर्कलिफ्टवाल्यांच्या आणि टँकरवाल्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. घरी बायकोला मी ‘सॅम्पल गोळा करायला जातो’ एवढंच सांगायचो. ती बिचारी डबा भरून द्यायची.

मी पेणमधल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढण्यात माझा हात चांगला आहे, पण मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, ह्याच्या बुडाखाली मुंग्या आहेत. त्यामुळे बाहेरची कामं नेहमी माझ्याच गळ्यात. कंपनीचं नशापाण्याच्या तपासणीचं काम लॅबकडे आलं तेव्हा मालकांनी माझ्याकडेच बघितलं. बर्फाची पेटी, कप, सील, फॉर्म असं सगळं मोटरसायकलच्या मागे बांधायचं आणि वडखळ, गडब, नागोठणं करत भिसे खिंडीतून रोह्यात उतरायचं. कंपनीचा कॉम्प्युटर चिठ्ठ्या काढाव्यात तशी कोणाचीही नावं काढायचा आणि ज्याचं नाव निघेल त्याला शिफ्टमधून उचलून माझ्यासमोर आणायचे.

सुरुवातीला मी संडासाच्या बाहेर थांबायचो. नळाला पट्टी चिकटवलेली, साबण काढून घेतलेला, टाकीत निळा रंग ओतलेला, म्हणजे कोणी लघवीत पाणी मिसळायला नको. कपावर तापमानाची पट्टी असते. लघवी आत्ताच अंगातून आली असेल तरच ती बरोबर आकडा दाखवते. हे सगळं पुरेसं होतं, पण एका टँकरवाल्याच्या मांडीला बांधलेली शाम्पूची बाटली सापडली. बाटलीत त्याच्या भावाची लघवी, अंगाच्या उबेने गरम ठेवलेली. त्या दिवसापासून फॉर्मवर एक नवी चौकट आली. ‘नमुना देताना मी स्वतः पाहिले.’ खाली टिक करायची आणि सही. कामगार त्याला बघणाऱ्याची सही म्हणायचे.

कोणी बघत असलं की माणसाला लघवी होत नाही, हे मला तिथे कळलं. एरवी रस्त्याच्या कडेला बिनधास्त उभे राहणारे गडी माझ्यासमोर पंधरा-पंधरा मिनिटं कप धरून उभे असायचे. एक जण डोळे मिटून गणपतीची आरती म्हणायचा. एक जण म्हणाला, “भाऊ, माझी बायको पन एवढं बघत नाय.” मी हसलो आणि बघत राहिलो. घरी येताना खिंडीत गाडी थांबवून मी स्वतः झाडीत जायचो, तर मलाही मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं आणि तसाच परत गाडीवर बसायचो.

तरी मी ते काम मनापासून केलं. त्याचं कारण माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. राहणार गडबचा. ह्याच कंपनीत पॅकिंगला होता. एका दुपारी फोर्कलिफ्ट उलटी येत आली आणि त्याच्या उजव्या पावलावरून गेली. चालवणारा गांजा ओढून बसला होता. पाऊल घोट्याच्या वरून काढावं लागलं. कंपनीच्या नियमाप्रमाणे अपघातातल्या दोघांचीही तपासणी झाली. मेव्हण्याचं सॅम्पल हॉस्पिटलात जाऊन मीच घेतलं होतं. परक्याने घेण्यापेक्षा घरच्या माणसाने घेतलेलं बरं, असं मला वाटलं होतं. तो साफ निघाला, त्याच्यावरचा आळ गेला, आणि पुढे कंपनीने त्याला टाइम ऑफिसात बसून करायचं काम दिलं. हे सगळं माझ्या रिपोर्टमुळे झालं असं मी चारचौघांत सांगत असे. थोडं जास्तच सांगत असे.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. आमच्या घरी आला की तो संडासाला आतून कडी लावायचा. खोटं पाऊल, ओली फरशी, आणि वर कडी! मागच्या गौरीच्या जेवणाला तो आत पडला. धाडकन आवाज झाला. मी दारावर थापा मारतोय, उघड म्हणतोय, आणि हा आतून “काय नाय, काय नाय” करतोय. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा कोपरातून रक्त येत होतं. मी म्हटलं, “अरे, कडी कशाला लावतोस? घरातच आहोत ना सगळे?”

“सवय हाय, भावजी,” म्हणाला. मला तो माज वाटला. मदत घ्यायला लाज वाटते ह्याला, असं मी बायकोला सुनावलं.

आता त्या शुक्रवारची गोष्ट सांगतो.

साडेनऊला कॉम्प्युटरने चाचांचं नाव काढलं. चाचा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने फोर्कलिफ्टवाले. रोह्याजवळच्या खाडीकाठच्या गावातले, पांढरी दाढी, कडक इस्त्रीची पँट. सौदीच्या बंदरात अर्धं आयुष्य क्रेन चालवून परत आलेले. निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. त्यांच्यावर नशेचा संशय कोणी स्वप्नातही घेतला नसता, पण नाव निघालं की निघालं. मला वाटलं, पाच मिनिटांत हे काम उरकेल.

चाचा संडासात गेले, नळाची पट्टी बघितली आणि वळले.

“पानी कुठं हाय?”

“पाणी नाही, चाचा. नियम आहे.”

“मी बसून करतो. धुतल्याबगर उठलो तर कपडे नापाक. आज जुम्मा हाय, मना नमाजला जायचाय.”

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षांत किती जणांनी हे मुकाट गिळलं असेल कोण जाणे. मी एचआरच्या मॅडमकडे गेलो. ह्या मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. मेव्हण्याला टाइम ऑफिसात घेण्यासाठी त्याच भांडल्या होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “आधी कप तुमच्या हातात येऊ दे, मग तुम्ही स्वतः पाण्याचा मग आत द्या.” मी कँटीनमधून मग भरून आणला. आपण किती समजूतदार, असं वाटून मी खुशीत होतो.

“बसा आता, चाचा.”

चाचा उभेच. “तू भायेर हो.”

“बाहेर नाही होता येत.”

“मग पाठ फिरव.”

“तेही नाही. बघितलं म्हणून सही करावी लागते.”

चाचांनी कप बेसिनवर ठेवला. आवाज न चढवता म्हणाले, “बेंबीपासून गुडघ्यापर्यंत माजं अंग बायकोशिवाय कोनी बघितलं नाय. सौदीत मेडिकल झाली, थितं पन पडदा होता. ह्या वयात तुला दाखवू?”

मी त्यांना नियम सांगितला. तीन तासांत नमुना दिला नाही तर फॉर्मवर ‘नकार’ लिहिला जातो. नकार म्हणजे नशा केली असंच धरतात. गेटपास जातो. साडेबारापर्यंत वेळ होता. त्या वयात त्यांना दुसरी नोकरी कोणी दिली नसती, आणि जाताना कपाळावर गर्दुल्ल्याचा शिक्का बसला असता. चाचा म्हणाले, “लिव मग नकार,” आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

मॅडम पुन्हा आल्या. त्यांनी समजावलं, विनवलं. “चाचा, तुमच्यावर संशय नाही. पण तुम्हाला सोडलं तर उद्या शाम्पूच्या बाटलीवाल्याला काय सांगू?”  मला ते आजही खोडता येत नाही. चाचा ग्लासामागून ग्लास पाणी पीत होते, मांड्या आवळून बसत होते, उठून फेऱ्या मारत होते. मी पण फेऱ्या मारत होतो. पेटी उघडून कप मोजले, पुन्हा मोजले, पेनाचं टोपण काढून-घालून तोडलं. घड्याळात साडेअकरा वाजले आणि माझं डोकं फिरलं.

“एवढं काय सोनं लागलंय तुम्हाला?” मी म्हणालो. दवाखान्यातली नर्स दचकून बघायला लागली. “तुमच्या लाजेपायी उद्या कोणाचा पाय गेला म्हणजे? माझ्या मेव्हण्याचा गेलाय. त्या गांजावाल्याला आदल्या दिवशी कोणी बघून तपासलं असतं तर गेला नसता!”

“माहीत हाय मना,” चाचा म्हणाले. “माज्या डब्यातलं कालवन खातो तो रोज. जा, तेलाच इचार.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “तू खारेपाटातला ना रे? आनि तुला पाठ फिरवायची शिकवावी लागते?”

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. माझे वडील मिठागरावर कामाला होते. धरमतर खाडीच्या बाजूला, आमच्या खारेपाटात, मिठागरं म्हणजे सपाट जमीन, नजर जाईल तिथपर्यंत पाणी आणि मीठ. झाड नाही, झुडूप नाही, भिंत तर नाहीच. तिथे माणसाला अडोसा कुठून मिळणार? म्हणून एक रीत होती. कोणी टमरेल घेऊन बांधाकडे निघाला की बाकीचे सगळे, हातात काम असेल तरी, पाठमोरे व्हायचे. कोणी सांगायचं नाही, कोणी हसायचं नाही. बाई निघाली तर आणखीच. तो माणूस परत येऊन खाकरला की मग वळायचं. लॅबचा कोर्स करत असताना सुट्टीत मीही तिथे कामाला जायचो. एकदा शहरातून आलेला नवा मुकादम बांधावर तसाच उभा राहिला, तोंड समोर करून. माझ्या वडिलांनी हातातलं फावडं खाली ठेवलं आणि ओरडले, “मुकादम, त्वांड फिरवा!” सगळ्या मिठागराचं काम थांबलं. मुकादमाने तोंड फिरवलं तेव्हाच पुन्हा फावडी चालू झाली. माझ्या वडिलांनी आयुष्यात मालकाच्या माणसाला दिलेला तो एकच हुकूम मला माहीत आहे.

हे आठवलं म्हणून मी विरघळलो, असं नाही. मी आणखी चिडलो. मिठागरावर पाठ फिरवली म्हणून कोणाचा पाय जात नव्हता. मी तरातरा टाइम ऑफिसकडे निघालो. मेव्हणा माझ्या बाजूने बोलेल ह्याची मला शंभर टक्के खात्री होती. त्याला घेऊन यायचं, चाचांसमोर उभं करायचं आणि म्हणायला लावायचं, की चाचा, बघू द्या, माझ्याकडे बघा आणि ऐका.

पावणेबारा वाजले होते. मेव्हणा पंचिंग मशीनच्या मागे बसला होता, खोटं पाऊल टेबलाखाली बाजूला काढून ठेवलेलं. मी सगळं भडाभडा सांगितलं. तो ऐकत होता आणि समोरच्या रजिस्टरची कड अंगठ्याने सरळ करत होता.

“तर चल,” मी म्हणालो. “तूच सांग त्यांना.”

“मी नाय येत, भावजी.”

“का? तुझाच पाय गेलाय!”

“व्हय. माजाच गेलाय.” त्याने मान वर केली. “एक सांगू? राग नाय ना येनार?”

“बोल.”

“पायाचा मी आता इचार करत नाय. ज्याने गाडी घातली तेचा पन नाय. पन त्या दिवशी हॉस्पिटलात माजी पँट कापून काढली होती. अंगावर कपडा नाय. मी वराडत होतो. कंपनीचा साहेब हुबा, ठेकेदाराचा मानूस हुबा, वॉर्डबॉय हुबा. साक्षीदार म्हनून. आनि तुमी लघवीचा डबा धरला होता. मी सगल्यांकडं बघितलं, कोनी तरी त्वांड फिरवील म्हनून. मंग तुमच्याकडं बघितलं. वाटलं, भावजी हायेत, ते सांगतील सगल्यांना. स्वता तरी फिरवतील.” त्याने रजिस्टर बंद केलं. “तुमी डब्याकडं बघत होता.”

मी तिथेच उभा राहिलो. कामगार जेवणाच्या सुट्टीचं कार्ड मारायला आले, मशीनचा टूक-टूक आवाज होत होता, कोणीतरी मला बाजूला व्हायला सांगितलं. मला फार लाज वाटली. आजवर ज्या गोष्टीची मी फुशारकी मारली होती ती गोष्ट ही होती. त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून सॅम्पल घ्यायलाच हवं होतं, ते मी आजही म्हणेन. पण त्यासाठी तीन माणसांना भिंतीकडे तोंड करायला सांगायला मला काय लागलं असतं? आणि त्याच्या कडीला मी माज म्हणत होतो.

परत आलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. चाचांचा चेहरा पिळवटून निघाला होता, पोटात एवढं पाणी घेऊन म्हातारा माणूस अडीच तास नुसता हट्टावर बसला होता. मी पाण्याचा मग उचलला आणि म्हणालो, “चला, चाचा. मी पाठ फिरवतो.”

“आनि तुजी सही?”

“ती माझी मी बघेन.”

मी मग हातात धरूनच आत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पांढऱ्या टाइल होत्या, सांध्यातलं सिमेंट निघालेलं. माझे पाय एकदाचे स्थिर होते. मागे बराच वेळ काहीच आवाज नव्हता, मग लघवीचा आवाज आला. त्यांनी मागून कप माझ्या हातात दिला, मी न वळता पाण्याचा मग मागे केला आणि पाण्याचा आवाज आला. मग चाचा खाकरले. मिठागरावर खाकरायचे तसेच. मी वळलो, कप बघितला. तापमान बरोबर होतं, रंग बरोबर होता.

फॉर्म समोर आला तेव्हा खरी पंचाईत झाली. टिक केली असती तर गोष्ट तिथेच संपली असती, चाचांची नोकरीही पक्की झाली असती. मी पेन टेकवलंही. पण फोर्कलिफ्टच्या मागे रोज उभी राहणारी माणसं त्या सहीच्या भरवशावर उभी राहतात, आणि माझी खात्री चाचांवर होती म्हणून मी त्यांना खोटा भरवसा द्यावा, हे मला जमेना. मी चौकट रिकामी ठेवली आणि खाली लिहिलं, ‘पाहिले नाही. पाठमोरा उभा होतो. तापमान योग्य.’ मग सही केली.

मॅडमनी वाचलं आणि डोक्याला हात लावला. “अहो, नुसती टिक केली असती तर मला कळलंही नसतं.”

“माहीत आहे.”

“मला अडचणीत टाकलंत.”

“चाचांनाही टाकलंय,” मी म्हणालो.

पुढचे चार दिवस चाचांचा गेटपास अडकवून ठेवला होता. त्या चार दिवसांत रक्त काढताना आयुष्यात पहिल्यांदा माझी सुई दोनदा चुकली. चांगुलपणा मी केला होता आणि घरी बसले होते चाचा. शेवटी कंपनीच्या डॉक्टरांनी तोड काढली. कापसाची काडी तोंडात फिरवून लाळेची तपासणी करायची. ती गेटवर सगळ्यांसमोर होते, त्यात लपवायचं काही नाही. त्यात दोन-चार दिवसांपूर्वीची नशा कळत नाही, लघवीत कळते, म्हणून मॅडम आधी तयार नव्हत्या. ह्या वेळी दोन्ही बघायचं ठरलं. चाचांनी आ वासला आणि म्हणाले म्हणे, “त्वांड बघा, पायजे तेवडं बघा.” लाळही साफ निघाली, कपही साफ निघाला. चाचा फोर्कलिफ्टवर परत चढले. माझं रोह्याचं काम मात्र काढून घेतलं. नियम मोडला होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. माझ्या जागी आता दुसरा जातो आणि तो टिक करतो, असं ऐकतो. तो बघतो की नाही, ते मी विचारलेलं नाही.

मी पेणमध्ये घरोघरी जाऊन रक्त काढतो. मेव्हण्याशी त्या दिवसावर पुन्हा काही बोललो नाही. बोलायचं म्हटलं की मी उठून पाणी प्यायला जायचो.

गेल्या महिन्यात एका रविवारी तो जेवायला आला. जेवण झालं, हात धुतले, आणि तो भिंतीला धरत संडासाकडे निघाला. मी मागोमाग गेलो, उगाच, टॉवेल द्यायच्या निमित्ताने. तो आत गेला. मी कडीच्या आवाजाची वाट बघत होतो. कडी लागली नाही. दार अर्धं उघडंच राहिलं.

“भावजी,” तो आतून म्हणाला, “हायेत ना थितंच? फरशी ओली हाय. पडलो तर धरा.”

“आहे,” मी म्हणालो, आणि दाराकडे पाठ करून उभा राहिलो, तो खाकरेपर्यंत.